दुसऱ्याच्या कथेत

दिवाळीत मुले अंगणात किल्ला करतात. दगडमाती रचून झाली, बुरूज उभे राहिले, उतारावर पेरलेल्या हळिवाला कोंब फुटले, की माथ्यावर शिवाजी महाराज सिंहासनावर बसतात. महाराज एकच. त्यांच्या खाली मात्र मातीच्या चित्रांची गर्दी असते: भाला धरलेला मावळा, तोफेजवळचा गोलंदाज, डोक्यावर पाटी घेतलेली भाजीवाली, बैलजोडीमागचा शेतकरी. महाराजांची जागा ठरलेली असते. भाजीवाली कुठे ठेवायची हे जागा उरेल त्याप्रमाणे ठरते. पण ती सारी चित्रे उचलून नुसते महाराज ठेवून पाहा. किल्ला ओस पडतो, आणि महाराज कोणाचे राजे हेच कळेनासे होते.

नाटक-सिनेमाची रीत याहून निराळी नाही. कथेचा नायक एक, नायिका एक. बाकीची माणसे त्यांच्यासाठी उभी केलेली. कोणी नायकाचा मित्र, कोणी नायिकेचा बाप, कोणी खाष्ट सासू, कोणी गावचा पाटील, कोणी निरोप आणणारा गडी. ही कामे करणाऱ्या नटांची उभी हयात दुसऱ्याच्या कथेत जाते. त्यांच्याकडे पाहिले की एक प्रश्न मनात येतो, आणि तो नटांपुरता राहत नाही. ज्याच्या वाट्याला दुसऱ्याच्या कथेत उभे राहणे आले, त्याचे आयुष्य त्यामुळे उणे ठरते काय?

या प्रश्नाचे एक उत्तर आपल्या ओठांवर तयार असते. ‘छे, छे! कोणतेच काम लहान नाही. सगळी कामे सारखीच.’ उत्तर गोड आहे, पण देणाऱ्याचाही त्यावर फारसा विश्वास नसतो. ज्या घरात हे उत्तर दिले जाते, त्याच घरातल्या मुलाला शाळेच्या नाटकात झाडाचे काम मिळाले तर आईचा चेहरा उतरतो. जगानेही हा भेद कधी लपवून ठेवलेला नाही. अमेरिकेत ऑस्कर पारितोषिके १९२९ पासून दिली जाऊ लागली. सहायक नटनटींसाठी वेगळे पारितोषिक १९३६ सालच्या चित्रपटांपासून निघाले. तेही कसे? मुख्य नटाला सोन्याचा मुलामा दिलेला पुतळा, आणि सहायक नटाला पहिली काही वर्षे नुसती पाटी! काम दुय्यम, म्हणून गौरवही दुय्यम. आपल्याकडे राष्ट्रीय चित्रपट पुरस्कार १९५४ पासून दिले जात आहेत. पण त्यांत सहायक नटनटींना वेगळे स्थान मिळाले ते १९८४ सालच्या चित्रपटांपासून. तेव्हा भेद आहे. पैशात आहे, भिंतीवरच्या जाहिरातीत आहे, लोकांच्या आठवणीत आहे. तो नाही असे म्हणून कोणाचे सांत्वन करू नये. तो आहे हे मान्य करून मग प्रश्न विचारावा.

या प्रश्नाचा विचार करताना मला ललिता पवारांचे आयुष्य फार उपयोगी वाटते. नाशिक जिल्ह्यातल्या येवल्याचा त्यांचा जन्म, १९१६ सालचा. घरचे नाव अंबा. १९२८ च्या सुमारास, म्हणजे बाराव्या वर्षी, त्या मूकपटात आल्या. पुढे नायिका झाल्या. ‘हिंमत-ए-मर्दां’ (१९३५) हा त्यांचा गाजलेला चित्रपट. टॉलस्टॉयच्या ‘रिझरेक्शन’ कादंबरीवर आधारलेला ‘दुनिया क्या है’ (१९३८) त्यांनी स्वतः काढला. म्हणजे ही काही कोपऱ्यात उभी राहणारी बाई नव्हे. स्वतःची कथा स्वतः निवडणारी आणि तिच्यात पैसा घालणारी नटी होती.

१९४२ साली ‘जंग-ए-आझादी’च्या चित्रीकरणात एक प्रसंग होता, थप्पड मारण्याचा. समोर मास्टर भगवान होते. हात ठरल्यापेक्षा जोरात बसला. चेहऱ्याच्या एका बाजूला पक्षाघात झाला, तीनएक वर्षे औषधोपचारात गेली, आणि डावा डोळा कायमचा बारीक राहिला. वय अवघे सव्वीस. नायिकेच्या धंद्यात चेहरा हे भांडवल, आणि चेहऱ्यात डोळा हे मुद्दल. एका क्षणात मुद्दलच गेले. जी बाई कथेच्या मध्यभागी उभी होती तिला कथेच्या कडेला यावे लागले.

अशा वेळी माणसापुढे दोन वाटा उघड दिसतात. एक, घरी जाऊन बसणे. दुसरी, गेलेल्या जागेचा हक्क सांगत दारोदार फिरणे. ललिताबाईंनी तिसरी वाट धरली. जी भूमिका मिळाली तिच्यात त्या पुऱ्या शिरल्या. शांतारामबापूंच्या ‘दहेज’ (१९५०) मधली हुंड्यासाठी सुनेला छळणारी सासू पाहून घरोघरच्या सुनांनी डोळे पुसले. बारीक झालेला तो डोळा त्यांनी झाकला नाही. तो किंचित मिटला की पडद्यावर कपट दिसे. आणि त्याच डोळ्यात पाणी आले की सारे चित्रपटगृह विरघळे. ‘श्री ४२०’ (१९५५) मधली केळेवाली आणि ‘अनाडी’ (१९५९) मधली मिसेस डिसा आठवा. तोंडाने भाडेकरूला फटकारणारी आणि पदरचे खाऊ घालणारी ती घरमालकीण जेव्हा भेसळीच्या औषधाने मरते, तेव्हा ‘अनाडी’ची गोष्ट हलक्याफुलक्या वाटेवरून एकदम न्यायाच्या प्रश्नाशी येऊन उभी राहते. नायक राज कपूर, नायिका नूतन. पण चित्रपटाचा काटा फिरतो तो या बाईच्या मरणावर. त्या कामाला सहायक नटीचे फिल्मफेअर पारितोषिक मिळाले. १९६१ साली संगीत नाटक अकादमीने त्यांचा गौरव केला. मूकपटापासून दूरदर्शनपर्यंत सत्तर वर्षांच्या आसपास त्या काम करीत राहिल्या. १९९८ मध्ये पुण्यात त्यांचे निधन झाले.

येथे एक सोपा निष्कर्ष मोह घालतो. ‘पाहा, ती थप्पड बसली म्हणून तर ही थोर नटी घडली!’ हे म्हणणे क्रूरपणाचे आहे. थप्पड ती थप्पडच. त्या तीन वर्षांची वेदना पुढच्या कीर्तीने भरून निघत नाही, आणि जी नायिका पुढे झाली असती तिचा हिशेब कोणी मांडलेला नाही. संकट चांगले नव्हते. माणूस चांगला निघाला. या दोन गोष्टींची गल्लत आपण नेहमी करतो, आणि मग दुसऱ्याच्या दुःखाकडे पाहून ‘त्यातूनच काही बरे निघेल’ असे म्हणण्याची आपल्याला सवय लागते. ललिताबाईंचे मोल दैवाने दिलेल्या धड्यात नाही. लादलेली भूमिका त्यांनी मागून घेतल्यासारखी केली, यात ते आहे.

पण ‘केली’ म्हणजे काय केले? दुय्यम भूमिकेतली खरी अडचण काम थोडे असते ही नव्हे. कष्ट आपले आणि उजेड दुसऱ्यावर, ही खरी अडचण. नायकाने औदार्य दाखवावे म्हणून कोणी तरी कृपण व्हायचे. नायिकेची सोशिकता दिसावी म्हणून कोणी तरी छळायचे. १९८७-८८ साली रविवारी सकाळी दूरदर्शनवर रामानंद सागरांचे ‘रामायण’ लागे. गल्लीत ज्याच्या घरी संच असे त्याच्या घरी अर्धी गल्ली लोटे. कोणी पडद्यापुढे उदबत्ती लावी. त्या ‘रामायणा’त मंथरा झाल्या होत्या ललिता पवार. वय सत्तरीच्या पुढे. राम आला की हात जोडले जात, आणि मंथरा आली की दात-ओठ खाल्ले जात.

आता क्षणभर मंथरेला कथेतून काढून टाका. रामाला ठरल्या मुहूर्तावर राज्याभिषेक होतो, अयोध्येत पेढे वाटले जातात, आणि रामायण तिथेच आटोपते. चौदा वर्षांचा वनवास नाही, भरताच्या डोक्यावर पादुका नाहीत, शबरीची बोरे नाहीत, सेतू नाही. ही गोष्ट परंपरेलाही जाणवली असली पाहिजे. म्हणून तर अध्यात्मरामायणात देवांनी सरस्वतीला मंथरेच्या वाणीत शिरायला धाडल्याची कथा आली. ज्या दासीच्या बोलण्यातून इतके मोठे चरित्र घडले, तिच्या माथी नुसता दोष ठेवून मोकळे व्हावे, हे त्या कथाकारांनाही अवघड वाटले असेल. तिचा दोष पुरता धुतला गेला नाही. पण तिच्याविषयी निदान कोणी तरी विचार केला.

मंथरा होणाऱ्या नटीला हे सारे ठाऊक असावे लागते. ‘आपले चार प्रसंग’ एवढेच डोळ्यांपुढे ठेवून ही भूमिका करता येत नाही. सबंध रामायण मनात असावे लागते. नायक एक वेळ स्वतःपुरते पाहून चालू शकतो, कारण कथा त्याच्या मागून येते. बाजूला उभ्या असलेल्याने मात्र सबंध कथा जाणली पाहिजे, म्हणजे आपण कुठवर पुढे यायचे आणि कुठे मागे सरायचे हे त्याला कळते. हे जाणणे हाच दुय्यम नटाचा धर्म. आणि त्याच्या धर्माचे फळ पुष्कळदा शिव्यांच्या रूपाने मिळते.

निळू फुल्यांची गोष्ट महाराष्ट्राला सांगायला नको. ‘एक गाव बारा भानगडी’ (१९६८) पासून त्यांनी पडद्यावर इतके बेरकी पाटील आणि पुढारी रंगवले, की खेड्यापाड्यांतल्या बायाबापड्यांना हा माणूस खरोखरच तसा आहे असे वाटे. प्रत्यक्षात हा गृहस्थ राष्ट्र सेवा दलाच्या मुशीतला. पुण्यात माळीकाम केलेला. पुढे अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कामात आणि डॉ. श्रीराम लागूंबरोबर सामाजिक कृतज्ञता निधीच्या कामात मनापासून पडलेला. हा निधी कशासाठी? समाजासाठी झिजणाऱ्या, पण ज्यांचे नाव कधी फलकावर येत नाही अशा कार्यकर्त्यांच्या घरची चूल पेटती राहावी यासाठी. जन्मभर दुसऱ्याच्या कथेत उभ्या राहिलेल्या नटाला, आयुष्यात दुसऱ्यांच्या कथेत उभी असलेली माणसे नेमकी दिसली, हा मला केवळ योगायोग वाटत नाही. ‘सिंहासन’ (१९७९) मधला त्यांचा पत्रकार दिगू टिपणीस आठवा. तो सर्वांच्या कथेत असतो आणि सत्तेच्या खेळात त्याला कुठेच जागा नसते. म्हणूनच त्याला सगळे दिसते.

येथवर वाचून एखादा चिकित्सक वाचक मला अडवील. ‘दुय्यम भूमिकेचा हा महिमा ठीक आहे, पण तो गाण्यात कोणाचा फायदा आहे, याचा विचार केलात काय?’ शंका अगदी रास्त आहे. आमच्या नंदुरबारची मिरचीची बाजारपेठ प्रसिद्ध. हंगामात गावाबाहेर पथाऱ्यांवर लाल मिरचीचे सडे पडलेले दिसतात, आणि त्यांत बसून बाया दिवसभर देठ खुडत असतात. तिखटाची आग हाताला, डोळ्यांना, नाकाला. त्या मिरचीचे तिखट आपल्या फराळाच्या चकलीत उतरते. चकलीची वाखाणणी होते, देठ खुडणारीचे नाव निघत नाही. ज्या साखरेचे आपण लाडू वळतो तिच्या उसाचेही तसेच. दिवाळीच्या सुमारास सातपुड्याच्या पायथ्याच्या गावांतून कुटुंबेच्या कुटुंबे बिऱ्हाड पाठीवर घेऊन ऊसतोडीला गुजरातेत आणि इतरत्र जातात. आपला सण सुरू होतो तेव्हा त्यांचा प्रवास सुरू होतो. या माणसांना ‘बाबांनो, दुय्यम भूमिकाही थोर असते’ असे सांगणे म्हणजे जखमेवर मीठ चोळणे होय.

तेव्हा भूमिका आणि जोखड यांत फरक केला पाहिजे. तो कसा करावा? नटाकडेच पाहावे. दुय्यम नटाला तीन गोष्टी असतात, निदान असायला हव्यात. त्याला त्याच्या कामाचा मोबदला मिळतो. त्याचे नाव, मागून का होईना, पडद्यावर येते. आणि भूमिका नको असेल तर ‘नाही’ म्हणण्याची त्याला मुभा असते. मोबदला, नाव आणि नकाराची मुभा: या तीन गोष्टी जिथे आहेत तिथे दुय्यम स्थानाला भूमिका म्हणता येईल. जिथे त्या नाहीत तिथे ते जोखड आहे, आणि जोखडाची स्तुती करणारा माणूस बहुधा गाडीत बसलेला असतो. दुय्यमपणाचा महिमा दुय्यम जागी उभ्या असलेल्याने सांगावा. पहिल्या जागेवरच्याने तो ऐकावा, आणि ऐकून थोडे सरकून बसावे.

पण मुख्य आणि दुय्यम हा भेद सगळ्याच खेळांत असतो असे मात्र नाही. जिल्ह्याच्या उत्तरेला सातपुड्यात, अक्कलकुवा तालुक्यात काठी म्हणून गाव आहे. जुन्या मेवासी संस्थानाचे. तिथली होळी दूरवर प्रसिद्ध. रात्रभर ढोल घुमतात, आणि डोंगराडोंगरांतून आलेले आदिवासी बांधव सोंगे घेऊन नाचतात. कोणी बुध्या होतो: अंगावर राखेची नक्षी, कमरेला वाळलेले भोपळे आणि घुंगरू, डोक्यावर मोरपिसांचा टोप. हे सोंग हौसेने चढवायचे नसते. त्याआधी काही दिवस नेम पाळावे लागतात, जमिनीवर निजावे लागते; कोणाचा नवस असतो. तिथे कोणी नायक नाही. प्रत्येकजण सोंग घेतलेला, आणि प्रत्येकजण पाहणाराही. तिथल्या बुध्याला ‘तुझी भूमिका मुख्य की दुय्यम?’ असे विचारले तर त्याला प्रश्नच कळणार नाही. तो प्रेक्षकासाठी नाचत नाही. त्याने घेतलेले व्रत तो फेडतो. नाटक-सिनेमात तिकीट आले, आणि तिकिटाबरोबर पहिला-दुसरा आला. ते टळणे नाही. परंतु कोणताही चांगला सहनट पाहा, कुठे तरी तो बुध्यासारखाच नेमाने उभा असतो. त्याची दोन वाक्ये तो नायकासाठी म्हणत नाही, टाळीसाठी म्हणत नाही. कथेला तो शब्द दिलेला असतो म्हणून म्हणतो.

आणि कधी कधी तर हा भेद पाहणाऱ्याच्या आळसातून जन्मतो. १९४२ च्या सप्टेंबरात नंदुरबारला तिरंगा घेऊन निघालेल्या मुलांच्या मिरवणुकीवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या. शिरीषकुमार मेहता या शाळकरी मुलाचे नाव सर्वांना ठाऊक आहे, आणि ते असलेच पाहिजे. पण त्या दिवशी त्याच्याबरोबर आणखी चौघे धारातीर्थी पडले: लालदास शहा, धनसुखलाल वाणी, शशिधर केतकर आणि घनश्यामदास शहा. या चौघांना ‘दुय्यम’ म्हणायला जीभ रेटत नाही. गोळीने तसा भेद केला नव्हता. भेद केला तो आपल्या आठवणीने. तिला एक नाव पुरते, पाच नावांचा तिला कंटाळा येतो. दूरदर्शनवरची मालिका संपून नटांची नावे सरकू लागली की आपण पाण्याला उठतो, त्यातलाच हा प्रकार. नटाने आपले काम पुरे केलेले असते. अपुरे राहते ते पाहणाऱ्याचे.

शेवटी हा प्रश्न आपल्या घरात येतोच. तरुणपणी प्रत्येकाला आपण आपल्या कथेचे नायक आहोत असे वाटते, आणि तसे वाटणे वावगेही नाही. मग एक दिवस घरात मूल येते. कोणी काही न सांगता माणूस मध्यभागावरून दोन पावले बाजूला सरकतो. शाळेच्या समारंभात तो ‘अमक्याचे बाबा’ म्हणून ओळखला जातो. लग्नात तो वधूपिता म्हणून कोपऱ्यात अक्षता वाटत उभा असतो. पुढे नातवंडांच्या गोष्टीत तो आजोबा होतो, आणि त्याची वाक्ये दोन-चारच उरतात. ललिता पवारांच्या वाट्याला ही बदली सव्विसाव्या वर्षी एका फटक्यात आली. आपल्या वाट्याला ती हळूहळू येते, एवढाच फरक. तिच्यापासून सुटका कोणालाच नाही.

मग ती करायची कशी, एवढेच आपल्या हाती राहते. काही माणसे कडेला आल्यावरही मध्यभागाचा हट्ट सोडत नाहीत; ती लेकासुनेच्या संसारात प्रत्येक प्रसंग आपलाच करू पाहतात आणि सबंध नाटक बिघडवतात. काही रुसून पडद्याआड जाऊन बसतात. मग कथेला त्यांची वाट पाहत थांबावे लागते. आणि काही थोडी माणसे अशी असतात, की ती आपल्या दोन वाक्यांसाठी सबंध कथा मनात धरून उभी असतात. वेळ आली की पुढे येतात, बोलायचे ते नेमके बोलतात, आणि दुसऱ्याच्या तोंडावर उजेड पडेल अशा बेताने मागे सरतात. त्यांचे आयुष्य उणे ठरत नाही. कथा कोणाची, हे त्यांनी ठरवलेले नसते. पण ती चांगली झाली तर त्यांच्यावाचून झालेली नसते.

यंदा फराळाला बसाल तेव्हा घरात असे एखादे माणूस शोधून पाहा. ते बहुधा स्वयंपाकघराच्या दारात उभे असेल, आणि सगळ्यांच्या ताटात चकली आली की नाही ते पाहत असेल. त्याला आत बोलवा, पाट मांडा, आणि पहिले ताट त्याच्यापुढे ठेवा.